संकटकाळासाठी घरची तयारी: बॅग भरण्याआधी काय ठरवायचं

एका ताईंनी विचारलंय: घरात पाच माणसं. त्या स्वतः, नवरा, ७८ वर्षांच्या सासूबाई, ११ वर्षांची मुलगी आणि ३ वर्षांचा मुलगा. सासूबाईंना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे, गुडघ्यांमुळे त्या सावकाश चालतात. ताईंनी इंटरनेटवरून साठ-सत्तर वस्तूंची यादी उतरवून घेतली, निम्मं सामान आणलं, आणि आता त्या अडल्या आहेत. एवढं पुरेल का, ते ठेवायचं कुठे, आणि खरंच वेळ आली तर कोणी काय करायचं?

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीच्या दोन्हींची उत्तरं त्यातूनच निघतात.

गेली १८ वर्षं मी घरोघरी जाऊन लोकांना ही तयारी करून देते. सामानाच्या यादीपासून सुरुवात केलेली बहुतेक घरं सामान आणून थांबतात. बॅग माळ्यावर जाते आणि सगळ्यांना हायसं वाटतं. मागच्याच महिन्यात एका घरी अशी बॅग खाली काढली. टॉर्चमधले सेल फुटून त्यांचा पांढरा खार झाकणाच्या आट्यांत बसला होता, झाकण काही केल्या फिरेना. औषधांची मुदत उलटून गेली होती. तळाशी मुलाचा स्वेटर होता. मुलगा शेजारीच उभा होता, त्यानं तो अंगात घालून पाहिला तर बाही कोपराखाली आली नाही. त्याच्या आईनं ती बॅग मन लावून भरली होती. पण ती भरताना तिनं यादी समोर ठेवली होती, घर समोर ठेवलं नव्हतं.

म्हणून एक कोरा कागद घ्या आणि त्यावर तीन रकाने आखा. पहिला: घर शाबूत आहे पण बाहेर पडता येत नाही, वीज-पाणी बंद आहे. दुसरा: काही मिनिटांत घर सोडायचं आहे. आग, गॅसगळती, चढतं पाणी, काहीही असो. तिसरा: संकट आलं तेव्हा घरची माणसं चार ठिकाणी आहेत. आता प्रत्येक रकान्यात आधी सासूबाईंचं नाव लिहा, मग धाकट्याचं, मग मुलीचं, आणि तुम्हा दोघांची सर्वांत शेवटी. घरातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाला धरून आखलेली योजना बाकीच्यांना आपोआप पुरते, उलट केलं तर पुरत नाही.

पहिला रकाना: घरातच अडकलात तर

इथे सगळ्यात मोठी गोष्ट पाणी. साठ्यासाठी बहुतेक ठिकाणी वापरला जाणारा हिशोब माणशी दिवसाला साधारण ४ लिटरचा आहे. त्यातलं निम्मं पिण्याचं, निम्मं रांधण्याचं आणि जुजबी स्वच्छतेचं. तुम्ही पाच जण, म्हणजे तीन दिवसांचे ६० लिटर. शक्य असेल तर हळूहळू दोन आठवड्यांच्या साठ्यापर्यंत जावं. ४ लिटर हा काटकसरीचा आकडा आहे हे लक्षात असू द्या. मदत छावण्यांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या स्फिअर मानकांत सगळ्या वापराचं मिळून माणशी दिवसाला किमान १५ लिटर धरलेलं आहे.

६० लिटर पाणी म्हणजे ६० किलो वजन. ते कोणी उचलून पळणार नाही. त्यामुळे घरातला साठा आणि हातात घेऊन निघायची बॅग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या यादीनं त्या एकत्र केल्यात. तुमचा 'ठेवायचं कुठे' हा प्रश्न त्यातूनच आला असावा. साठा घरात विभागून ठेवा, बॅग दाराशी ठेवा.

साठवायला खाण्यापिण्यासाठी बनवलेले, घट्ट झाकणाचे कॅन घ्या. दुधाचे किंवा रसाचे जुने कॅन नकोत. त्यांचा वास आणि चिकटपणा कितीही धुतला तरी पूर्ण जात नाही आणि पाण्यात जंतू वाढतात. एकाच मोठ्या पिंपाऐवजी १० लिटरचे सहा कॅन बरे. एक फुटला तरी पाच राहतात, आणि सासूबाई घरात एकट्या असल्या तर भरलेलं पिंप त्यांना कलंडवताही येणार नाही. त्यांच्या हाताला लागतील अशा दोन-तीन लहान बाटल्याही भरून ठेवा. घरी भरलेलं पाणी दर सहा महिन्यांनी बदला आणि कॅनवर तारीख घाला. गीझरच्या टाकीतलं पाणीही राखीव साठाच आहे. मात्र काढण्याआधी वीज बंद करून ते निवू द्यायचं.

पाण्याबद्दल शंका असेल तर खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळू द्या. २,००० मीटरहून उंच भागात तीन मिनिटं. उकळायची सोय नसेल तर घरगुती ब्लीच चालतं, पण ते बिनवासाचं, रंग वा साबण न मिसळलेलं, ५ ते ९ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेलं हवं. गाळलेल्या स्वच्छ पाण्याला लिटरमागे दोन थेंब, गढूळ असेल तर चार, आणि मग अर्धा तास थांबायचं. शेवटी क्लोरिनचा हलका वास यायला हवा. ड्रॉपर त्या बाटलीलाच दोऱ्यानं बांधून ठेवा, अंधारात बुचानं अंदाज घेणं धोक्याचं आहे. रसायन किंवा इंधन मिसळलेलं पाणी मात्र उकळून किंवा ब्लीच घालून शुद्ध होत नाही. ते प्यायचंच नाही.

आता एक गोष्ट, जी जवळपास प्रत्येक यादीत राहून जाते: संडास. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपानंतर न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरात जमिनीखालच्या मलवाहिन्या मोठ्या प्रमाणावर फुटल्या. घरं उभी असूनही हजारो कुटुंबांना तात्पुरत्या शौचालयांवर दिवस काढावे लागले. घरच्या घरी यावर उपाय आहे. झाकणाच्या दोन बादल्या, एक लघवीसाठी आणि एक शौचासाठी. दुसऱ्या बादलीत जाड पिशवी आणि प्रत्येक वापरानंतर वरून मूठभर भुसा किंवा कोरडी माती. दोन्ही वेगळं ठेवलं की वास आणि ओल दोन्ही आटोक्यात राहतात. तुमच्याकडे आणखी एक अडचण आहे. सासूबाईंचे गुडघे बादलीवर बसू देणार नाहीत. त्यांच्यासाठी कमोडची खुर्ची आजच बघून ठेवा. या कारणानं पाणी पिणं टाळणारी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांना चक्कर येते आणि मधुमेहात ते फार महागात पडतं.

खाण्याचं मी थोडक्यात आटोपते, कारण त्यात लोक सहसा चुकत नाहीत. शिजवावं लागणार नाही, तहान वाढवणार नाही आणि घरात एरवीही खाल्लं जातं असंच ठेवा. जपानमध्ये रोजच्या वापरातलंच थोडं जास्त आणायचं, जुनं आधी खायचं आणि संपेल तसं भरत जायचं अशी पद्धत शिकवतात. वेगळा 'संकटाचा डबा' मुदत संपून फेकला जातो, हा साठा कधी शिळा होत नाही. सोबत डबे उघडायचं हातानं चालणारं साधन असू द्या. वीज गेल्यावर फ्रिजचं दार न उघडता साधारण चार तास धरा, भरलेला फ्रीझर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास. त्यानंतर वास घेऊन ठरवू नका. पदार्थ खराब झाला तरी त्याला वास येईलच असं नाही.

सासूबाईंची औषधं

इथे थोडं थांबून बोलते, कारण तुमच्या घराचा सगळ्यात नाजूक दुवा हाच आहे.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवतात. वापरात घेतलेली बाटली किंवा पेन मात्र सामान्य तापमानाला, बहुतेक प्रकारांत ३० अंशांच्या आत, साधारण चार आठवडे चालतं. नेमके दिवस आणि तापमान प्रकारानुसार बदलतं, म्हणून खोक्यातली माहितीपत्रिका काढून दोन्ही आकडे ठळक अक्षरांत कपाटाच्या दारावर चिकटवा. वीज गेली म्हणजे सगळं इन्सुलिन वाया गेलं, या भीतीनं चांगल्या बाटल्या फेकलेल्या मी पाहिल्या आहेत. याहून मोठी चूक म्हणजे घाबरून ती बर्फात खोचणं. एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी वापरायचं नाही. बर्फ वापरायचाच तर मधे टॉवेलची जाड घडी हवी.

डॉक्टरांशी बोलून किमान एक आठवड्याची, जमलं तर दोन आठवड्यांची औषधं जास्तीची घरात राहतील असं बघा. सुया, ग्लुकोमीटर, त्याच्या पट्ट्या आणि सेल हे सगळं त्यात आलं. साखर खाली गेली तर लगेच देता येईल असं काही गोड त्यांच्या उशाशी आणि बॅगेत, दोन्हीकडे ठेवा. एका कागदावर प्रत्येक औषधाचं मूळ नाव लिहा, नुसतं कंपनीचं नको. दुसऱ्या गावच्या डॉक्टरला कंपनीचं नाव माहीत असेलच असं नाही. पुढे मात्रा, वेळ आणि कशाची ॲलर्जी आहे ते. जुना पण चालणारा चष्मा बॅगेत टाका. संकटात चष्मा फुटणं अगदी नेहमीचं आहे, आणि चष्म्याविना इन्सुलिनचे आकडे वाचता येत नाहीत.

धाकट्यासाठी जुलाबाची सोय हवी. क्षारसंजीवनीची पाकिटं उत्तम. ती संपलीच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. हे प्रमाण पाठ करा. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला अपाय होतो. मधुमेही माणसाला यातली साखर देताना आधी रक्तातली साखर तपासा.

तुमच्या सामानात मेणबत्त्या आणि कोळशाची छोटी शेगडी आहे असं लिहिलंय. मेणबत्त्या काढून टाका. तीन वर्षांचं मूल आणि काळोखी खोली असताना ज्योत नको, माणशी एक टॉर्च घ्या. आणि शेगडी घरात पेटवायची नाही. खिडकी किलकिली करूनही नाही. कोळसा आणि जनरेटर दोन्ही कार्बन मोनॉक्साइड सोडतात. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते आणि माणूस त्या झोपेतून उठत नाही. जनरेटर दारं-खिडक्यांपासून किमान ६ मीटर लांब, उघड्यावरच. वादळाच्या पाण्यातून वाचलेली माणसं नंतरच्या दोन-तीन दिवसांत बंद खोलीतल्या जनरेटरनं गेली, असं पुन्हा पुन्हा घडलेलं आहे. या एका परिच्छेदाबाबत कुणाचीही भीड बाळगू नका, घरातल्या वडीलधाऱ्यांचीही.

दुसरा रकाना: घर सोडायचं तर

एका घरी आम्ही रात्री साडेनऊला दिवे घालवून सराव केला. कागदावर सगळं चोख होतं: मुख्य दार, जिना, फाटकाजवळचं झाड. प्रत्यक्षात आजोबा पलंगाच्या कडेला बसून पायानं चपला चाचपत राहिले. त्या रोज पलंगाखाली थोड्या थोड्या आत सरकत असत. दाराशी पोचल्यावर कळलं की आतून कुलूप आहे आणि किल्ली मुलाच्या पँटच्या खिशात, पँट न्हाणीघरात. झाडापर्यंत जायला ४ मिनिटं ४० सेकंद लागली. मग चपला पलंगाच्या पायाला बांधलेल्या कापडी खिशात गेल्या, किल्ली दाराशेजारच्या खिळ्यावर आली, आणि दुसऱ्या खेपेला १ मिनिट ५० सेकंद लागले. एक पैशाचं सामान आणलं नव्हतं. आग लागलेल्या घरात धुराचा गजर झाल्यावर सुटायला कधीकधी दोन मिनिटांहूनही कमी वेळ मिळतो. त्या हिशोबात हा फरक बघा.

तुमच्याकडे सराव करताना खालच्या गोष्टी बघा.

सासूबाई जिना उतरू शकणार नाहीत असं धरून चला. आगीत आणि भूकंपानंतर लिफ्ट वापरायची नाही. हातांची नसली तरी चालेल पण भक्कम पाठीची, चाकं नसलेली एक खुर्ची त्यांच्या खोलीत कायम ठेवा. एकानं मागून पाठ धरायची, दुसऱ्यानं पुढचे दोन पाय, आणि खुर्ची मागे कलती ठेवून उतरायचं. आधी खुर्चीवर पाण्याचे कॅन बांधून तीन-चार पायऱ्या करून बघा. तेवढ्यात हात कुठे भरून येतात ते कळेल.

याला दोन मोठी माणसं लागतात. नवरा घरी नसेल तेव्हा? जपानमध्ये १७ जानेवारी १९९५ ला पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी कोबे शहर हादरलं, ६,४०० हून अधिक माणसं गेली. त्या दिवशी ढिगाऱ्यातून जी माणसं जिवंत निघाली, त्यातल्या बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढलं होतं. बचाव पथकं सगळीकडे एकाच वेळी पोचूच शकत नाहीत. तेव्हा शेजारच्या कोणाला तरी आत्ताच सांगा, 'वेळ आली तर आईंना उतरवायला तुमचा हात लागेल', आणि सरावालाही बोलवा. संकोच वाटेल हे मला माहीत आहे. मला आजवर एकाही शेजाऱ्यानं नाही म्हटलेलं नाही. उलट बहुतेकांनी लगेच आपल्या घरातल्या अडचणी सांगितल्या.

मुलीला एकच काम द्या: भावाचा हात धरायचा आणि ठरलेल्या जागी जाऊन उभं राहायचं. वस्तू आणायला मागे फिरायचं नाही, खेळणं असो की फोन. रात्री खोल्यांची दारं लावून झोपलं तर आग आणि धूर बराच वेळ बाहेर थोपतो. दार उघडण्याआधी तळहाताची मागची बाजू लावून बघायची, गरम लागलं तर दुसरी वाट. धुरातून जाताना वाकून, जमिनीलगत.

गॅसचा वास आला तर कोणतंही बटण दाबायचं नाही, ना लावायला ना बंद करायला. रेग्युलेटर किंवा मुख्य व्हॉल्व्ह सहज हाताशी असेल तरच बंद करायचा आणि बाहेर पडायचं. फोन बाहेर जाऊन करायचा. वीजेचा मुख्य स्विच सगळ्यांना दाखवून ठेवा, पण तिथे पोचायला पाण्यात पाय टाकावा लागत असेल तर नाही. वाहत्या पाण्याबद्दल लोकांचा अंदाज फार चुकतो. जोरात वाहणारं १५ सेंटीमीटर पाणी मोठ्या माणसाला पाडतं, ३० सेंटीमीटर लहान गाडी ढकलतं, ६० सेंटीमीटर बहुतेक गाड्या वाहून नेतं.

भूकंपात हलणं थांबेपर्यंत बाहेर धावायचं नाही. खाली बसा, भक्कम टेबलाखाली डोकं-मान झाका, टेबलाचा पाय धरून ठेवा. सासूबाईंना खाली बसता येणार नाही, त्यांनी पलंगावर असतील तर पालथं होऊन उशी डोक्यावर धरायची. त्यांच्या पलंगाजवळचं उंच कपाट एकतर भिंतीला पट्ट्यांनी आवळा, नाहीतर दुसऱ्या खोलीत हलवा. हे काम बॅगेच्या आधी करा. प्रत्येकाच्या पलंगाला जाड तळव्याचे जोडे आणि टॉर्च पिशवीत बांधलेले असू द्या, कारण नंतर जमिनीवर काचा असतात.

बॅगेचं आता सोपं आहे. एका माणसाला एका हातानं उचलता आली पाहिजे. पाण्याच्या दोन बाटल्या, औषधं आणि तो कागद, चष्मा, टॉर्च, सेलवर चालणारा रेडिओ, पॉवर बँक, शिट्टी, मुलाचे एक जोडी कपडे, सुट्या नोटा, आणि कागदपत्रांच्या प्रती पाणी न शिरणाऱ्या पाकिटात. सेल टॉर्चच्या बाहेर, वेगळ्या पिशवीत. इन्सुलिन बॅगेत भरून ठेवता येत नाही, म्हणून बॅगेच्या मुठीला चिठ्ठी बांधा: 'फ्रिजमधलं इन्सुलिन'. मागच्या एका घरात ही चिठ्ठी आजींनी स्वतःच्या अक्षरात लिहिली होती, आणि सरावात ती त्यांनीच सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली.

तिसरा रकाना: पांगलेले असाल तर

दोन जागा ठरवा. एक घराबाहेर जवळच, एक परिसराबाहेर, घराकडे येता येत नसेल तेव्हासाठी. मग दूरच्या गावातला एक नातेवाईक निवडा, ज्याला प्रत्येकानं आपली खबर द्यायची. मोठ्या संकटात गावातल्या गावात फोन लागत नाहीत पण बाहेरगावी लागतो, असं पुष्कळदा होतं. बोलण्याऐवजी एसएमएस करा. त्याला जाळ्यात फार थोडी जागा लागते आणि वाट मोकळी झाली की तो आपोआप पुढे जातो. हे नंबर कागदावर लिहून प्रत्येकाच्या पाकिटात आणि मुलीच्या दप्तरात ठेवा. तिला एक नंबर तोंडपाठ हवा. शाळेत तुमच्याशिवाय मुलांना कोण नेऊ शकतं, त्यांची नावं लेखी द्या आणि मुलांनाही सांगा.

दर सहा महिन्यांनी एक दिवस ठरवून सगळं उघडा. पॉवर बँक मात्र तीन महिन्यांनी भरत जा. जपानमध्ये १९२३ च्या भूकंपाची आठवण म्हणून दरवर्षी १ सप्टेंबरला असा दिवस पाळतात आणि देशभर सराव होतात. तुमच्या घरात धाकट्याचा वाढदिवस आणि त्यानंतर सहा महिन्यांनीची तारीख धरा. त्याचे कपडे तेव्हा बदलावेच लागतील.

'एवढं पुरेल का' याचं उत्तर सामान मोजून मिळणार नाही. येत्या रविवारी संध्याकाळी मुख्य स्विच बंद करा, नळ उघडायचा नाही असं ठरवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तसेच राहा. सासूबाईंना कुठे अडलं, मुलगा रात्री काय मागत होता, कुठला टॉर्च सापडला नाही, हे सगळं त्या तीन रकान्यांच्या कागदावर लिहा. उरलेलं निम्मं सामान त्या कागदावरून आणा. आणि खुर्चीचा सराव रविवारच्या आधीच, दिवसाउजेडी, शेजाऱ्यांना घेऊन करा.